बंद भावावर सिग्नल, मग खरेदी त्याच भावाला कशी?

शेअर कधी घ्यावा, कधी विकावा याचा सिग्नल देणाऱ्या दोन पद्धतींवरचा तुमचा लेख वाचला. त्यात ५० व २०० दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजची (तेवढ्या दिवसांच्या भावांची सरकती सरासरी) आरएसआयशी (भावातल्या अलीकडच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा) २०१५ पासूनच्या डेटावर तुलना केली आहे. मेहनत दिसते. पण सिग्नल दिवसाच्या बंद भावावर ठरतो आणि तक्त्यात खरेदीही त्याच भावाला धरली आहे. साडेतीनला बाजार बंद झाल्यावर तो भाव खात्रीने मिळणार कुठून?

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एका यंत्रमाग कारखान्याचा हिशेब बघतो आणि रात्री पायथॉन या संगणकभाषेत हेच तपासत बसतो. माझ्याकडूनही हीच चूक झाली होती. एका ओळीत सिग्नल एक दिवस पुढे सरकवला, खरेदी दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला नेली, तर आरएसआय पद्धतीच्या नफ्याचा वर चढणारा आलेख जवळजवळ आडवा झाला. त्या रात्री झोप लागली नाही.

खर्चही धरा. डिलिव्हरीत (शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतला तर) एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, घेताना ०.१ टक्का, विकताना पुन्हा ०.१ टक्का, वर ब्रोकरेज आणि स्लिपेज (धरलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक). वर्षाकाठी एखादा सौदा करणाऱ्या पद्धतीला ते जाणवत नाही, दर आठवड्याला आत-बाहेर करणारीला फार जाणवतं. सुताचा भाव धरला आणि मजुरी विसरली तर चादरीतला नफा कागदावरच राहतो, तसंच हे.

शिवाय शेअर आजच्या निफ्टी ५० मधून, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या बदलत्या यादीतून, घेतलेत. येस बँक २०२० मध्ये त्या यादीतून बाहेर गेली, म्हणजे तिची पडझड तुमच्या चाचणीत आलीच नाही. त्या-त्या वर्षीची यादी घेऊन तक्ता पुन्हा द्याल का? मी नक्की वाचेन.