गुण्याखालून उजेड दिसतोय आणि म्हणे ‘चालतंय की’!

तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती प्लेट वेल्डिंगवाल्याकडून घरी आणली, ओट्यावर ठेवली, गुण्याची (काटकोन तपासायच्या अवजाराची) सरळ पट्टी तिच्यावर उभी धरली आणि खिडकीच्या उजेडात बघितलं. पट्टी मधेच टेकलीय आणि दोन्ही कडांना खालून उजेड! एक रुपयाचं नाणं घालून पाहिलं. गेलं आत. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटरचा बाक, आणि तोही सहा इंचांत.

मी काय रॉकेटचा भाग मागितला होता का? ६ इंच बाय ४ इंच, ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट. तिच्याखाली अँगलचा (काटकोनी लोखंडी पट्टीचा) एक पाय, आणि कोन बदलून घट्ट आवळता येईल असा एक सांधा. धार लावायच्या ग्राइंडरच्या फिरत्या दगडापुढे बसवायचा साधा प्लॅटफॉर्म. त्यावर सुरी आडवी टेकवायची, मुठीकडून टोकाकडे सरकवत न्यायची, उलटी करायची, परत सरकवायची. दोन्ही बाजूंना सारखी धार. एवढंच पाहिजे होतं. तीन आठवडे झाले.

हे सगळं सुरू झालं आईच्या सुरीपासून. लोहाराने ऐरणीवर घडवलेली, काळपट पोलादाची, पातं झिजून अर्ध्यावर आलंय पण भाजी कापताना आवाज येत नाही अशी सुरी. निसण्यावर चार हात मारले की महिनाभर बघायला नको. दिवाळीआधी मी गावाला होतो, तेव्हा आईने ती दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिली. त्याने हातात धरून दगडावर नुसती रेटली. परत आली तेव्हा टोकाकडचं दोन बोटं पातं निळं पडलेलं. निळं म्हणजे काय ते ज्याने लोखंडात काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. पोलाद साधारण २२० अंशांना फिकट पिवळं दिसतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि ३०० च्या आसपास निळं. तिथवर गेलं की लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. ते पातं आता मऊ आहे. टोमॅटोची साल चार दिवस कापते आणि पाचव्या दिवशी दाबते. आई काही बोलली नाही, पण आता ती सुरी ओट्यावर नसते, मागच्या डब्यात असते.

म्हणून ग्राइंडर आणला. स्वतः करायचं ठरवलं. १५० मिलिमीटरचा दगड, साधा घरगुती बेंच ग्राइंडर. आणि इथे माझं पहिलं भांडण आहे ते त्या मशीनबरोबर येणाऱ्या रेस्टशी, म्हणजे दगडापुढे सुरी टेकवायच्या पट्टीशी. रेस्ट म्हणायची लाज वाटली पाहिजे. पातळ पत्रा दाबून वाकवलेला, दोन बोटं रुंद, एका बोल्टवर लटकलेला. मशीन चालू केलं की तो पत्रा लपलपतो. बोटाने दाबला तर खाली जातो. आणि त्याच्या मधोमध ड्रिल टेकवायला एक खाच. सुरी सरकवत नेली की टोक बरोबर त्या खाचेत अडकतं. अडकलं की हात थांबतो आणि दगड तेवढ्याच जागी खात बसतो. पात्याची कड कागदासारखी, उष्णता जाणार कुठे? झालं निळं! मशीनचे साडेतीन हजार घेता, मोटर चांगली देता, मग ज्या जागी माणसाचा हात टेकतो तिथेच चहाच्या डब्याचा पत्रा का?

बरं, तो पत्रा कसाबसा घट्ट केला तरी सुरीचा कोन त्यावर मिळतच नाही. साधी भूमिती आहे. रेस्ट दगडाच्या मध्याच्या उंचीवर आडवी धरली तर पातं दगडाला काटकोनात भिडतं. तसं एखाद्या दांड्याचं टोक सपाट होईल, धार नाही लागणार. स्वयंपाकघरातल्या सुरीला एका बाजूला १५ ते २० अंश लागतात. २० अंश हवे तर त्याच उंचीवर रेस्ट ७० अंश वर उचलावी लागते, म्हणजे जवळजवळ उभीच. एका बोल्टवरची ती पट्टी एवढी उचलली की गार्डला, म्हणजे दगडावरच्या छपराला, अडकते. नाहीतर आडवी ठेवून मध्यापासून ७० मिलिमीटर वर न्यायची, पण तिथे गार्डचं छप्पर आहे. शिवाय दगड झिजून १४० चा झाला की त्या उंचीवर दगडच उरत नाही. म्हणून वेगळा प्लॅटफॉर्म लागतो. मशीनच्या अंगाला न चिकटलेला, खालच्या फळीवर स्वतःच्या पायावर उभा, आणि दगड झिजेल तसा पुढे सरकवता येणारा. हौस म्हणून नाही हो, त्याशिवाय सुरीला धार लागतच नाही म्हणून.

आणि इथे ज्याला सांगावं तो एकच सल्ला देतो. गार्ड काढून टाक! मेहुणा म्हणाला, दुकानदार म्हणाला, शेजारचे काका म्हणाले. डोकं सणकतं माझं. तो दगड मिनिटाला २८०० फेऱ्या मारतो. त्याची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर पळते. दगड आहे तो, भाजून घट्ट केलेले कण. कुठे चीर असली तर फुटतो आणि तुकडे सरळ तोंडावर येतात. ते तुकडे अडवायलाच ते छप्पर आहे. दगड बसवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकंच टकटक करायचं. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर तो दगड फेकून द्यायचा. हे दुकानात कोणी करून दाखवत नाही, पण गार्ड काढायला मात्र सगळे सांगतात. रेस्ट आणि दगड यांच्यात एक सुतापेक्षा (इंचाच्या आठव्या भागापेक्षा) जास्त फट ठेवायची नसते, नाहीतर पातळ पातं आत ओढलं जातं. तेही कोणी सांगत नाही.

आता वेल्डिंगवाला. मी कोल्हापूरचा. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर, मिलिंगवर काय दर्जाचं काम होतं ते मला माहीत आहे, त्याचा अभिमान आहे. म्हणूनच जास्त चीड येते. मी कागदावर चित्र काढून नेलं. मापं लिहिली. तोंडाने सांगितलं की दादा, सलग वेल्डिंग मारू नका, प्लेट ओढली जाईल. आधी जाड पाटावर क्लॅम्पने आवळा, मग लहान लहान टाके मारा, एक इकडे, एक तिकडे, मधे गार होऊ द्या. वेल्डिंगचा रस गार होताना आकसतो, आणि ज्या बाजूला आकसतो तिकडे प्लेट वाकवतो. हे त्याला माहीत नाही असं नाही. रोज करतो तो. पण माझ्यासमोर त्याने मान हलवली आणि मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात खालून एका दमात पूर्ण रेघ ओढली, वर बादलीत बुडवून गार केली. चर्र आवाज झाला तो मला रस्त्यावर ऐकू आला.

गुण्या लावून दाखवला तर म्हणाला, “एवढ्यानं काय हुतंय? सुरीच घासायची न्हवं? चालतंय की!”

नाही चालत! मधे फुगलेल्या प्लेटवर सुरी डुगडुगते. मुठीकडे एक कोन, टोकाकडे दुसरा. मी मार्करने पात्याच्या कडेला काळी शाई लावली, दगड हाताने एक फेरा फिरवला आणि बघितलं. मुठीकडे शाई कडेवरची गेली होती, टोकाकडे वरच्या अंगाची. म्हणजे टोकाला धारेला दगड लागतच नाही. दुसऱ्यांदा नेली तर हातोड्याने ठोकून ‘सरळ’ केली, आता तिला बाकाबरोबर पीळही आहे. तिसऱ्यांदा नवी प्लेट लावली. परत सलग रेघ. पैसे मात्र तिन्ही वेळा रोख, आणि तिसऱ्यांदा तर वर ऐकवलं की एवढी चिकित्सा असेल तर रेडिमेड घ्यायचं.

सांध्याचं बोललोच नाही अजून. ८ मिलिमीटरच्या बोल्टला त्याने १२ चं भोक पाडलंय. का? तर ‘बसायला सोपं’. चार मिलिमीटर ढिला! विंग नट कितीही आवळा, मशीन चालू झालं की थरथरीने प्लेट हळूहळू खाली बसते. सुरुवातीला २० अंश लावले होते, दहा मिनिटांनी मोजले तर २६.

आता मी त्याच्याकडे जाणार नाही. भंगारातून एका जुन्या मशीनच्या पाटाचा तुकडा आणलाय, घासलेला, सपाट. गुण्या लावला, कुठून उजेड नाही. त्याला वेल्डिंगचा एक टाकासुद्धा मारायचा नाही. खालून भोकं पाडून आटे पाडायचे आणि अँगल बोल्टने बसवायचा, अँगलला भोक साडेआठ मिलिमीटरचंच. रात्री कानशीने कडा मारतोय, हाताला फोड आलेत, आणि प्रत्येक घासण्याला तो ‘चालतंय की’ कानात वाजतोय. ती वाकडी प्लेट मी दाराशीच ठेवलीय. सोमवारी गुण्यासकट त्याच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे, आणि पैसे परत मागणार आहे, तिन्ही वेळचे.