डिंगने चौदावा डाव विकला, हा आरोप हिशेबातही टिकत नाही

सिंगापूरला 12 डिसेंबर 2024 रोजी झालेला बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा चौदावा डाव तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन याने पैसे घेऊन भारताच्या गुकेशला सोडला, त्यासाठी ओपनिंगही (डावाच्या सुरुवातीच्या चालीही) मुद्दाम मिळमिळीत निवडले आणि रशियन बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षांनी चौकशी मागितल्याने ते सिद्धही झाले, असा संदेश फिरत आहे. बुद्धिबळाच्या वर्गाला जाणारा माझा भाचाही तो खरा मानू लागला, म्हणून हे उत्तर.

पैशांचा मुद्दा सर्वांत निरर्थक आहे. नियमानुसार एकूण बक्षीस 25 लाख डॉलर होते. प्रत्येक विजयामागे 2 लाख आणि उरलेली रक्कम दोघांत समान. लढत टायब्रेकमध्ये (चौदा डावांनंतर गुण समान राहिल्यास होणाऱ्या जलद डावांत) गेली असती, तर विजेत्याला 13 लाख आणि पराभूताला 12 लाख मिळणार होते. म्हणजे चौदावा डाव बरोबरीत सोडवून पुढे टायब्रेक हरला असता, तरी डिंगला 12 लाख मिळाले असते. डाव हरल्यामुळे त्याच्या हाती साडेअकरा लाखच आले. शिवाय जलद खेळात त्याचे मानांकन गुकेशपेक्षा वरचे होते आणि 2023 चे जगज्जेतेपदही त्याने टायब्रेकमध्येच जिंकले होते. याहून मोठी रक्कम कोणी गुपचूप दिली असेल, तर देणारा कोण आणि पुरावा काय, याबद्दल संदेशात एक अक्षर नाही.

ओपनिंगबद्दल फार बोलण्याची गरज नाही. रेटी नावाच्या ओपनिंगने सुरू झालेला तो डाव उलट्या ग्रुनफेल्ड या दुसऱ्या ओपनिंगच्या वळणाने गेला. पहिली चाल मिळणारी पांढरी मोहरी असूनही डिंगने मोहऱ्यांची मारामारी करून पट मोकळा केला, हे खरे. पण तो मार्ग बरोबरीचा होता आणि एक प्यादे कमी असूनही शेवट बरोबरीत सुटण्याजोगाच होता.

डिंगची पंचावन्नावी चाल, हत्ती एफ2 (हत्ती एफ2 या घरात), जगज्जेत्याला न शोभणारी होती, एवढे मान्य करावे लागते. त्याचा उंट ए8 च्या कोपऱ्यात अडकलेला असल्याने गुकेशने आधी हत्तींची अदलाबदल केली आणि मग उंट डी5 वर आणताच उंटांचीही अदलाबदल अटळ झाली; उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या विजयाचा होता. महासंघाच्या अध्यक्षांनी चौकशी मागितली, हेही खरे. परंतु मागणी म्हणजे पुरावा नव्हे. आणि विकत घेतलेली चूक घेणाऱ्याला तरी ताबडतोब दिसली असती. गुकेशने मात्र डावानंतर सांगितले की ती त्याच्या लगेच लक्षात आली नाही आणि तो हत्तीची दुसरीच चाल खेळण्याच्या बेतात होता.