चोर सोडून संन्याशाला फाशी?

नमस्कार. वर्तमानपत्रं आपल्या वाचकाच्या कलाने झुकतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, हे ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ देणं झालं. पेपर ज्याच्या मालकीचा त्याचीच री ओढणार, वाचक बिचारा काय करणार? तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. उरलेलं निम्मं मात्र मला मान्य नाही.

३० एप्रिल २०१५ चे दोन पेपर शेजारी ठेवून बघा. ब्रिटनमधली निवडणूक आठवड्यावर आलेली. ‘द सन’च्या पहिल्या पानावर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ आणि त्याला चेहरा तेव्हाचे पंतप्रधान, हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून यांचा. हुजूर पक्षाला मत द्या, स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या हाती देश जाऊ देऊ नका, असं तो पेपर सांगत होता. त्याच दिवशीच्या ‘स्कॉटिश सन’वर, म्हणजे त्याच पेपरच्या स्कॉटलंडमधल्या आवृत्तीवर, त्याच पार्टीच्या नेत्या निकोला स्टर्जन, हातात प्रकाशाची तलवार घेतलेल्या, आणि मत त्यांनाच द्या असा आग्रह! दोन्ही पेपरांचे मालक एकच, रूपर्ट मरडॉक. स्टर्जन यांच्या पक्षाने त्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. तिथला वाचक कुठे निघालाय हे पेपरला आधीच कळलं होतं, दुसरं काय?

हे एकच उदाहरण नाही. मॅथ्यू गेंट्झकाउ आणि जेसी शापिरो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक दैनिकांची भाषा तपासली. वारसा हक्काने मिळणाऱ्या संपत्तीवरच्या कराला रिपब्लिकन नेते ‘मृत्यू-कर’ म्हणतात, डेमोक्रॅट ‘मालमत्ता-कर’. असे शब्द कुठल्या पेपरात किती येतात हे मोजल्यावर २०१० साली त्यांनी मांडलं की पेपरचा कल वाचकांच्या राजकारणाशी जुळतो, मालक कोण यावरून फारसा ठरत नाही.

याच अभ्यासावर मी विसंबलो, आणि तुमचा मुद्दा इथेच लागू पडतो. छापलेले शब्द मोजता येतात. जी बातमी छापलीच नाही ती कशी मोजणार? १९८९ मध्ये हिल्सबरो या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी होऊन प्रेक्षक मेले, त्यानंतर ‘द सन’ने मृतांच्या शहरातल्या, लिव्हरपूलच्या, चाहत्यांवर खोटे आरोप छापले, तेव्हा तिथल्या लोकांनी पेपरवर बहिष्कार घातला. खोटं समोर होतं म्हणून तर त्यांना चिडता आलं. मालकाच्या दुसऱ्या धंद्याला झळ पोचेल म्हणून दाबलेली बातमी वाचकापर्यंत येतच नाही, मग तो रागावणार कशावर?

आणि मालकाला वाचकाच्या पैशाची गरजच नसली तर? जेफ बेझोस यांनी २०१३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ २५ कोटी डॉलरना घेतला. त्यांची खरी कमाई ॲमेझॉनची. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेपरने अध्यक्षपदाच्या कोणत्याच उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही असं बेझोस यांनी ठरवलं. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा मजकूर संपादकीय विभागात तयार होता, तो बाजूला पडला. अडीच लाखांच्या आसपास वाचकांनी वर्गणी बंद केल्याच्या बातम्या आल्या. तरी निर्णय फिरला नाही. वाचकाने एवढा जोर लावूनही मालक हलला नाही, हे मला मान्य करावंच लागतं.

म्हणून मूळ लेखातलं ‘मालक कोण हे गौण आहे’ हे वाक्य मी आज काढून टाकलं आहे. त्या जागी लिहिलंय: पेपरचा मालक आणखी कुठले धंदे करतो ते आधी बघा, आणि त्या धंद्यांबद्दल त्या पेपरात काय येत नाही ते दुसऱ्या पेपरात शोधा.