नानांची एसएसडी

एसएसडी झिजते, हे नानांना कोणी सांगायला नको होतं.

सांगितलं दुकानातल्या पोरानं. आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क काढून त्यानं ५०० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. पूर्वी बटण दाबून चहा टाकावा, उकळावा, गाळावा, तरी विंडोज उघडलेलं नसायचं. आता ते कप शोधेपर्यंत उघडलं. नाना, म्हणजे माझे सासरे, खूश झाले. एवढ्यात स्क्रू आवळता आवळता पोरगा बोलून गेला, "काका, वाचून काही होत नाही हिला. पण लिहून लिहून झिजते बघा."

नाना सरकारी लेखा विभागातून निवृत्त झालेत. 'झिजते' म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "किती?"

उत्तर हमीपत्रात होतं: ३०० टीबीडब्ल्यू. म्हणजे पाच वर्षं किंवा ३०० टेराबाइट लिहून होईपर्यंत, यातलं जे आधी संपेल तोवर कंपनीची हमी. त्यानंतर डिस्क मरतेच असं नाही, पण नानांनी तो आकडा शिल्लक म्हणून धरला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात लिहिण्यावर खर्चकपात लागू झाली.

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायची माझ्या बोटांना खोड आहे, कारण सांगलीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही. नाना मागे येऊन उभे राहतात. "अगं, पान पुरं झालं की एकदाच कर की सेव्ह. दोन ओळींसाठी कशाला?" डिस्कची तब्येत टक्क्यांत दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी नातवाकडून टाकून घेतलंय. रोज संध्याकाळी ते उघडतात. आकडा १०० वरून ९९ झाला त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

त्यांना खरं दुःख झालं ते डीफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे एकत्र लावण्याचं. जुन्या डिस्कवर दर रविवारी आंघोळ करून ते डीफ्रॅग लावायचे. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकायचे आणि नाना पेपर बाजूला ठेवून बघत बसायचे. इतक्या एकाग्रतेनं ते पूजाही करत नाहीत. आमच्या ओंकारनं तेही काढून घेतलं. "आजोबा, हिच्यात फिरणारी तबकडीच नाही. फाइलचे तुकडे कुठे का असेनात, सापडायला फारसा फरक पडत नाही. डीफ्रॅगनं फुकटचं लिहिणं तेवढं वाढतं. आपण काय काय पुसलंय हे डिस्कला कळवावं लागतं, त्याला ट्रिम म्हणतात. ते विंडोज आपलं आपण करतं."

"पण झिजते का?" नानांनी मूळ मुद्दा सोडला नाही.

ओंकारनं समजावलं. आत बारीक कप्पे असतात, त्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले. त्यांना आतबाहेर करायला जास्त व्होल्टेज लागतं आणि दर वेळी मधला विद्युतरोधक थर थोडा थोडा खराब होतो. शिवाय पुसल्याशिवाय त्याच जागी पुन्हा लिहिता येत नाही, आणि कप्प्यांचा एक छोटा गट, ज्याला पान म्हणतात, तो एकटा पुसता येत नाही, अशा अनेक पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. फडताळातली एक वाटी घासायची म्हणून सगळी मांडणी खाली उतरवण्यासारखंच हे. मला लगेच पटलं. म्हणून डिस्क गच्च भरू नये. दहा-वीस टक्के जागा मोकळी असली की आतल्या कंट्रोलरची, म्हणजे डिस्कचा कारभार बघणाऱ्या चिपची, हलवाहलव कमी होते आणि झीजही सगळ्या कप्प्यांत वाटली जाते. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी जुनी एसएलसी लाखभर वेळा पुसून लिहिता यायची. आता तीन बिट कोंबणाऱ्या टीएलसीला हजार ते तीन हजार वेळा, चार बिटांच्या क्यूएलसीला त्याहून कमी.

"पूर्वीचं सगळंच टिकाऊ," नाना म्हणाले. त्यात त्यांनी स्वतःलाही धरलं असावं.

मग ओंकारनं कागदावर हिशोब मांडला. ३०० टेराबाइट म्हणजे तीन लाख जीबी. रोज ४० जीबी लिहिलं तरी साडेसात हजार दिवस, म्हणजे वीस वर्षं. एवढं लिहिणार कोण? 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळानं २०१३ ते २०१५ या काळात सहा एसएसडींवर मरेपर्यंत लिहिलं, तर प्रत्येकीनं ७०० टेराबाइटची वेस ओलांडली आणि दोघी दोन हजारांच्याही पुढे गेल्या. नाना शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी मनात बेरीज केली आणि पहिल्यांदाच डिस्ककडे जरा आकसानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. आणखी एक एसएसडी आणायची, सातबारे, ठेवींचे कागद, लग्नाचे फोटो तिच्यावर एकदाच लिहायचे आणि ती लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायचं. लिहायचंच नाही, तर झिजेल कशी? ओंकार म्हणाला, वीज नसली की कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेनुसार, घरगुती एसएसडीनं ठरलेलं लिहिणं पुरं केल्यावर, विजेविना, ३० अंश तापमानात, माहिती वर्षभर टिकवली पाहिजे. नवीकोरी त्याहून बरीच जास्त टिकवते, पण उन्हाळा वाईट. एप्रिलात आमच्या कपाटाचा पत्रा दुपारी हाताला चटका देतो.

"म्हणजे वापरली तर झिजते, ठेवली तर विसरते?" नानांच्या काळात असली वस्तू आली असती, तर खरेदीची फाइल तीनदा शेरा मारून परत गेली असती.

त्यात भर म्हणजे हिचं मरण बऱ्याचदा मुकाट्यानं येतं. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी पुष्कळदा खरखर करते, कण्हते, निदान फोटो काढून घ्यायला वेळ देते. हिचा कंट्रोलर गेला की तब्येत ९९ टक्के असतानाच कारभार आटोपतो. २०१९ मध्ये एचपीई कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या, चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालून बंद पडतील. तीन वर्षं, २७० दिवस, आठ तास.

"नियत वयोमान!" नाना एकदम खुलले. निवृत्तीची तारीख पाळणाऱ्या डिस्कबद्दल त्यांना आदरच वाटला.

शेवटी दोन निर्णय झाले. एक यूपीएस घ्यायचा, कारण लिहिता लिहिता वीज जाणं हिला माझ्या कंट्रोल-एसपेक्षा जास्त बाधतं. आणि काढून टाकलेली जुनी डिस्क कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या डबीत घालून दर रविवारी सगळं तिच्यावर उतरवायचं. रविवारला काम मिळालं म्हणून नाना शांत झाले होते. तेवढ्यात ओंकारच्या तोंडून निघालं, "आजोबा, तुमच्या फोनमध्येपण हीच फ्लॅश मेमरी असते."

नानांनी फोन उघडला. कुटुंबाच्या ग्रुपवर त्या दिवशीची गुलाबाची फुलं, समया, उगवते सूर्य, सगळं आपोआप सेव्ह झालेलं. त्यांनी ते सेव्हिंग बंद केलं आणि दुसऱ्यांच्या फोनवर बोजा नको म्हणून स्वतःचं रोजचं सुप्रभातही थांबवलं. तिसऱ्या दिवशी मिरजेहून आत्यांचा मला फोन आला. आवाज दबका. "अगं, दादाला दवाखान्यात नेलंय का?"