श्रावणातली शेगडी

सोलापूरच्या चार हुतात्मा पुतळ्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. दुकान कसलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही, पायरी मात्र रुंद आहे. 2023 सालच्या निज श्रावणातला सोमवार. मल्लू सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन, कपाळभर भस्म लावून आला होता. श्रीनु टॉवेलच्या कारखान्यातून सुटून आला होता. आणि राजू रात्री साडेआठला कट्ट्यावर. हॉटेलवाला माणूस साडेआठला कट्ट्यावर दिसला की ‘कसं चाललंय’ हे विचारायची गरज नसते.

सलीमनं तरी विचारलंच. "गल्ल्यावर कोण बसलंय बे?"

"गल्ल्यात काय असलं तर बसवू की कुणाला तरी."

राजूनं त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला विजापूर रोडला बार्बेक्यू काढलं. बारा टेबलं, प्रत्येकाच्या मधोमध शेगडी, माणशी 499 रुपयांत पाहिजे तेवढं खा. पाटीवर इंग्रजी नाव झोकात लिहिलंय, पण लोक ‘त्या शेगडीवाल्याकडं’ असंच म्हणतात. पहिले पंधरा दिवस बाहेर रांगा होत्या. मग मे महिना आला. सोलापूरचा मे! दुपारी पारा चाळिशीच्या वर आणि संध्याकाळी भिंती दिवसभराचं ऊन परत करतात. अशात पैसे मोजून निखाऱ्यासमोर कोण बसणार? जून संपतोय तोवर कारागिरांतला मुख्य भट्टीवाला बकरी ईदला गावी गेला तो गेलाच. आणि त्यावर कडी म्हणजे त्या वर्षी अधिक महिना नेमका श्रावणाचाच आला. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दोन महिने श्रावण.

"अधिकात कोण पाळतंय बे? निजातलाच खरा," श्रीनु म्हणाला.

"आमच्या घरी दोन्ही पाळले," मल्लू म्हणाला. "दोन्हीतलं पुण्य घ्यायला काय जातंय?"

"तुमचं पुण्य होतंय अन् माझं दिवाळं," राजू म्हणाला. पण गटारीचं त्यालाही कबूल होतं. अमावास्या 17 जुलैला, सोमवती. सोमवारी कोण खाणार, म्हणून सगळं गाव रविवारी 16 तारखेलाच उरकून घ्यायला निघालं. राजूकडं त्या दिवशी सव्वाशे पानं उठली. आणि अधिक न पाळणाऱ्यांनी ऑगस्टच्या मध्यात, निज श्रावणाच्या तोंडावर, दुसरी गटारी केली. एका वर्षात दोन गटाऱ्या कुणाच्या नशिबी येतात?

"दोन दिवसांवर वर्ष निघत नसतंय," मी म्हटलं. राजूचा हिशेब माझ्याकडं असतो, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. त्याला तसं वाटत नाही.

हिशेब सांगतो, कारण भांडण तिथूनच पेटलं. 499 मधले पावणेचोवीस रुपये जीएसटीचे. उरलेल्या 475 मधून कोंबडी, मटण, पनीर, दही, तेल, कोळसा मिळून 240 जातात. म्हणजे एका पानामागं हातात 235. आता महिन्याला भाडं 70 हजार, पगार एक लाख दहा, वीज 55 हजार, कर्जाचा हप्ता 45. बेरीज दोन लाख ऐंशी हजार. 235 नं भागा, महिन्याला जवळजवळ बाराशे पानं, म्हणजे रोज चाळीस. श्रावणाआधीसुद्धा त्याचा आठवडा असा होता: रविवारी नव्वद, बुधवार-शुक्रवार चाळीस-चाळीस, मंगळवारी पंचवीस, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार प्रत्येकी दहा-अकरा. सरासरी तेहतीसच्या आत. पुण्याकडं शनिवारी अशा हॉटेलात जागा मिळत नाही म्हणतात. आपल्याकडं शनिवार मारुतीचा. राजूनं आराखडा पुण्याचा आणला आणि पंचांग सोलापूरचं. आणि एसी बसवताना त्यावर 28 टक्के कर भरला. 5 टक्क्यांत बसणाऱ्या हॉटेलला तो वळता करून घेता येत नाही, हे त्यानं मला आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

"विजेचं 55 हजार कसं बे?" श्रीनुनं विचारलं. कारखान्यातल्या पंख्यांशी त्याचा रोजचा संबंध.

"एसी चार. अन् प्रत्येक टेबलावर धूर ओढायला नळकांडं."

"म्हणजे एसीनं गार करायचं अन् नळकांड्यानं बाहेर फेकायचं. तू विजापूर रोड गार करायलायस बे! जेवढी हवा ओढतोस तेवढी आत यायला पायजे की नाय? दारातनं येणार, ती गरमच येणार. मग एसी अजून पळणार."

"मग नळकांडी बंद ठिवू?"

"ते मात्र करू नको," मी म्हटलं. त्यानं जूनमध्ये एकदा वीज वाचवायला निम्मी बंद ठेवली होती, तेव्हा दोन पोरींची डोकी धरली, एकीला मळमळलं. राजूला वाटलं दही आंबलं. दही नव्हे, कोळशाचा विषारी वायू. त्याला वास नसतो, धूर दिसत नसला तरी तो असतो. बंद खोलीत कोळसा पेटवून हवेत काटकसर करायची नसते. शेवटी श्रीनुनं तोडगा काढला. स्वयंपाकघराच्या बाजूनं बाहेरची हवा थेट नळकांड्यांजवळ सोडायची, म्हणजे ती एसीची हवा कमी ओढतील. खर्च किती, यावर दोघं दहा मिनिटं भांडले. ते मी सोडून देतो.

सलीम तोवर गप्प होता. त्याच्या चाचाची शीकची गाडी आहे. "मला एक सांग, गिऱ्हाईक यायच्या आधी शेगडी पेटवतोस का नंतर?"

"आधी. कोळसा तयार व्हायला अर्धा तास लागतोय. तोवर माणूस बसंल का?"

"बाराच्या बारा?"

"रविवारी बारा. नाहीतर सहा."

"अन् येतात दोन टेबलं. चार शेगड्यांचा कोळसा फुकट राख. चाचाकडं बघ. चार फुटाची एक शेगडी. गर्दी नसली की निखारा एका कोपऱ्यात गोळा, गर्दी झाली की पसरला. आग एक, गिऱ्हाइकं पन्नास. तुझ्याकडं गिऱ्हाईक एक अन् आगी बारा."

हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण चार महिने वह्या बघून मला हे सुचलं नव्हतं.

"पण टेबलावरची शेगडी हीच तर मजा हाय," राजू म्हणाला. "लोक फोटो काढतात."

"फोटो काढतात तोवर तुझी कोंबडी वाळती! बिनहाडाची कोंबडी, तिच्यात चरबी किती ती? भट्टीवरनं उतरली की लगेच खायची. तुझ्या भट्टीवाल्यानं भाजून दिलेली तू पुन्हा निखाऱ्यावर टांगतोस. दहा मिनिटांत चप्पल. खिम्याची शीक असंल तर चालतंय, तिची चरबी तिला धरून ठेवती. अन् भाजायचं काम गिऱ्हाइकाच्या हातात देतात का कुठं?"

"मग त्यांनी घरी खावं की."

"घरी शेगडी नाय म्हणून येतात, वाळकं खायला नाय."

इथं मल्लूनं तोंड घातलं. तो जन्मात अंडंही खाल्लेला नाही, पण मत त्याचं सगळ्यावर असतं. "तुमचं चुकायलंय कुठं सांगू? भाजून खाणं सोलापूरला नवीन नाय. हुरडा काय असतोय? गवऱ्यांची आगटी, त्यात कोवळी कणसं, हातावर चोळायची, वर शेंगाचटणी, दही, गूळ. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात. त्याला कुणी बार्बेक्यू म्हणतंय का? अन् आमच्या घरची वीस माणसं तुझ्याकडं एकदा तरी आली का?"

"पनीर हाय, मशरूम हाय, मक्याचं कणीस हाय..."

"ज्या शेगडीवर मघाशी कोंबडी होती त्याच शेगडीवर. माझी आई त्या रस्त्यानं रिक्षासुद्धा नेऊ देत नाय."

"चार टेबलं वेगळी करतो. शुद्ध शाकाहारी, शीगा वेगळ्या, आचारी वेगळा."

"पाटी एकच ना? मग झालं."

"हुरडा पौषात येतोय मल्ल्या, अन् मी मरायलोय श्रावणात!" राजूचा आवाज चढला तसा चहावाल्या मामांनी न सांगता पाच अर्धे आणून ठेवले. ही त्यांची जुनी पद्धत आहे.

चहावर ‘पाहिजे तेवढं’ हा विषय निघाला. श्रीनुचं म्हणणं, ते काढलं तर उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही. इंजिनिअरिंगची पोरं दुपारचं जेवण बुडवून येतात, ती चवीसाठी थोडीच येतात? सलीम म्हणाला, तीच पोरं तुला खातात, प्लेटवर विक. माझं मत दोघांपेक्षा वेगळं होतं आणि अजून तेच आहे. रविवार, बुधवार, शुक्रवारी पाहिजे तेवढं ठेवायचं, कारण भरलेल्या हॉटेलात ते परवडतं. लहान मूल आणि म्हातारी आजी पोरांची भरपाई करतात. सोमवार, गुरुवार, शनिवार मात्र दुपार पूर्ण बंद, रात्री टेबलावरच्या शेगड्या थंड, मागं एकच मोठी शेगडी आणि प्लेट. दर खाली आणणं सोपं असतं, दार लावून घ्यायला जास्त छाती लागते.

"पाटी काढल्यासारखं दिसंल," राजू म्हणाला.

"दिसू दे."

"कारागिरांना महिन्याचा पगार हाय. तीन दुपारी बसवून ठिवू?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी चहा प्यायलो.

"आज सोमवार," मल्लू अचानक म्हणाला. "संध्याकाळी उपवास सोडतात लोकं. रताळी भाज बे. निखाऱ्यातलं रताळं, वर तूप..."

"कुठल्या शेगडीवर?" तिघांनी एकदम विचारलं. मल्लूनं स्वतःचंच भस्म पुसलं.

तेवढ्यात राजूचा फोन वाजला. रेल्वे लाइन्समधले, बदलीवर आलेले परप्रांतीय. श्रावण त्यांना ठाऊक नाही. सातजण, अर्ध्या तासात पोचतो म्हणाले. राजूनं गडबडीनं दुकानात फोन लावला. "पोऱ्या, दोन, तीन अन् चार नंबरची पेटव..."

सलीमनं त्याच्या हातातून फोन घेतला. "काय पेटवू नको. मी येईपर्यंत हात लावू नको." आणि राजूच्या गाडीवर मागं बसला.

"किती शीगा हायत बे तुझ्याकडं लांब?"

"चाळीस."

"खिमा?"

"खिमा नाय."

"मग लष्कर भागातनं घे, खिमा उचलू."