‘मुलांना रंग दिसतच नाही’ म्हणे!

सध्या फिरणारा मजकूर साधारण असा: लहान मुलांना कातडीचा रंग दिसत नाही, तो मोठी माणसं दाखवतात. आईवडील दोन वंशांचे असतील तर हा विषय काढूच नये, बोललं की भेद मनात रुजतो. ‘सगळी माणसं सारखीच’ एवढं सांगावं, नाहीतर मूल गोंधळतं. ऐकायला गोड आहे. दोन रंगांच्या आईबापांच्या घरात मात्र मूल बोलायला लागलं की हे संपतं.

आधी ‘दिसत नाही’ बघू. २००६ साली तीन महिन्यांच्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इस्राएलमधली गोरी बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती, इथिओपियातली काळ्या चेहऱ्यांकडे. इस्राएलमध्ये वाढणारी इथिओपियन वंशाची बाळं रोज दोन्ही प्रकारचे चेहरे बघत. त्यांचा कल कुठेच नव्हता. म्हणजे फरक पाळण्यातच कळतो, आवड भोवतालावर ठरते.

मग ‘बोललं की रुजतं’. १९४० च्या सुमारास अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे फक्त रंगात फरक असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. ‘तुझ्यासारखी कोणती?’ विचारल्यावर काही मुलं रडत उठून गेली. या मुलांची कुणी शिकवणी घेतली नव्हती. घरी गप्प बसलं तरी बाहेरचं जग बोलतच असतं, आणि त्याचं बोलणं फार वाईट असतं.

शिवाय गप्प बसणं हेही उत्तरच असतं. ‘आई, तुझा हात माझ्यापेक्षा काळा का?’ यावर ‘शू! असं बोलू नये’ म्हटलं की मुलाला कळतं, आईच्या हातात काहीतरी लाजिरवाणं आहे. खरं उत्तर सोपं आहे. रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्यांत जवळपास तेवढ्याच असतात. त्या कोणतं मेलॅनिन (म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य) किती बनवतात आणि ते कसं पसरतं, यात फरक. त्यामागे बरीच जनुकं असल्यामुळे रंग दूध-कॉफीसारखा निम्मा-निम्मा मिसळत नाही. सख्खी भावंडंही एक गोरं, एक सावळं निघतात. ‘ही तुमचीच का?’ असं परकं माणूस विचारतं, तेव्हा हे आधी माहीत असलेलं मूल दचकत नाही.

‘सारखीच’ हा शब्दही फसवा. माणसं समान आहेत, सारखी नाहीत. क्रेयोला कंपनीच्या एका फिकट गुलाबीसर खडूचं नाव १९६२ पर्यंत चक्क ‘कातडी’ होतं. कुणाची? नंतर तो ‘पीच’ झाला.

राहिला गोंधळ. अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून जास्त वंश नोंदवायची सोय २००० साली आली. त्याआधी मुलाला आई किंवा बाप यांतलं एक निवडावं लागे. गोंधळ अर्जाचा होता. २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख लोकांनी एकाहून अधिक वंश नोंदवले. गोरी आई आणि केनियन वडील असलेल्या बराक ओबामांनी २०१० मध्ये एकाच चौकटीवर, ‘काळा’वर, खूण केली होती. तीही त्यांची मर्जी. भावंडांनी वेगळी उत्तरं दिली तरी आईबापांनी रुसू नये.

एक गोष्ट मात्र मलाही पटते: मुलाला समोर बसवून व्याख्यान झोडू नये. चित्र रंगवताना प्रश्न आला, दोन वाक्यांत उत्तर दिलं, आणि खडू परत त्याच्या हातात.