तसं छोटंसंच ऑपरेशन

आजारांमध्येही मानपान असतो. आमच्या ऑफिसातले एक साहेब दोन स्टेंट घालून परत आले तेव्हा लोक उठून उभे राहिले होते. गुडघा बदलून आलेल्या ताई आपला एक्स-रे मोबाइलमध्ये ठेवतात आणि डबा खाताना कुणी न मागता दाखवतात. किडनी स्टोनवाल्यांचा तर स्वतंत्र गट आहे, ते एकमेकांना मिलिमीटरवरून ओळखतात. डेंग्यूवाला प्लेटलेट्सचा आकडा सांगतो आणि ऐकणारा ‘बाप रे’ म्हणतो. मूळव्याधवाल्याने काय सांगायचं? आणि दाखवायचं काय?

सर्जनांनी तपासलं, हातमोजे काढले आणि म्हणाले, “तिसरी ग्रेड आहे. करून टाकू.” या आजाराच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुतेकांचं इसबगोल, भरपूर पाणी आणि पथ्यपाण्यावर भागतं. मी पहिल्या दोन पायऱ्या ऑफिसच्या खुर्चीत बसूनच चढलो होतो. मग सर्जन त्यांच्या असिस्टंटला म्हणाले, “तीन, सात आणि अकरा.” बायकोने लगेच पर्समधून पेन काढून विचारलं, “जेवणाआधी की नंतर?” तेव्हा कळलं की त्या प्रांतातले पत्ते डॉक्टर लोक घड्याळाच्या तबकडीवर सांगतात आणि कोंब बहुधा याच तीन ठिकाणी येतात. म्हणजे मी अगदी पुस्तकातला पेशंट होतो. पण हे अभिमानाने सांगायचं कुणाला?

दुखेल का, खर्च किती, हे प्रश्न नंतर आले. मी आधी विचारलं, “डॉक्टर, ऑफिसात काय सांगू?”

“सांगा, छोटंसं ऑपरेशन आहे.”

मराठी ऑफिसात एक दिवसही न काढलेला माणूसच असा सल्ला देऊ शकतो. आमच्याकडे ‘छोटंसं ऑपरेशन’ या उत्तराने संभाषण सुरू होतं.

“कसलं हो?”

“पोटाचं.”

“पोटाचं म्हणजे?”

“जरा खालच्या बाजूला.”

“किती खालच्या?”

यानंतर दोनच गोष्टी उरतात, खरं सांगणं किंवा राजीनामा.

बायको म्हणाली, सरळ ‘वैयक्तिक कारण’ लिहा. तिला कल्पना नाही. आमच्या ऑफिसात वैयक्तिक कारणासाठी सलग आठवडाभर रजा घेणारा माणूस एकतर दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेलेला असतो किंवा कोर्टात. माझ्या वयाकडे पाहता मुलाखतीवर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणजे चार दिवसांत शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी तिलाच फोन करून “खचून जाऊ नका” असं सांगितलं असतं.

म्हणून दुसरा एखादा सभ्य आजार शोधायला बसलो. अट एकच, तो ऑफिसात आधी कुणाला झालेला नसावा. अपेंडिक्स अकाउंट्सच्या काकांनी वापरून टाकलंय आणि ते टाके मोजायला मागतात. हर्निया आमच्या शिपाईमामांचा, त्यांना जाळी कुठल्या बाजूला बसवली इथपर्यंत सगळं पाठ आहे. स्टोन म्हटला की “किती एमएम?” आणि मागोमाग पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी. मोतीबिंदू चालला असता, पण मग डोळ्याला काळा चष्मा आणि बुडाखाली गोल गादी, हे जमवायचं कसं?

त्या गादीनेच प्रश्न सोडवला. मध्ये भोक असलेली ती गादी ऑपरेशननंतर बरेच दिवस बरोबर न्यावी लागणार होती. तिच्याशी जुळणारा अवयव एकच होता, कंबर. कंबर सभ्य आहे. साहेबांसमोरही हात लावून दाखवता येते.

खरं सांगून टाकावं असं मनात आलंच नाही असं नाही. १९७८च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मूळव्याधीच्या त्रासामुळे दिवसभराच्या भेटीगाठी रद्द केल्या आणि ती बातमी जगभर छापून आली. तीनच महिन्यांपूर्वी या माणसाने इजिप्त आणि इस्रायलच्या नेत्यांना कॅम्प डेव्हिडमध्ये तेरा दिवस ठेवून घेऊन करार करून घेतला होता. इतके दिवस खुर्चीत बसून वाटाघाटी केल्यावर दुसरं काय होणार, असं मला अनुभवाने वाटतं. पण कार्टर सांगू शकले, कारण त्यांना डोंबिवलीहून आठ बाराच्या लोकलने रोज त्याच डब्यातून जायचं नव्हतं. त्या डब्यात दारापासून पंख्यापर्यंत ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – विनाऑपरेशन’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात आणि आमचा ग्रुप त्या मोठ्याने वाचून हसतो. मीही हसत आलोय. मोठ्याने वाचणारा तर मीच असायचो.

सुश्रुताचंही तेच. त्याने या रोगाचे सहा प्रकार सांगितले, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, तपासणीचं यंत्र गाईच्या आचळाच्या आकाराचं असावं इथपर्यंत सांगितलं. फक्त कचेरीत काय सांगावं, यावर संहिता गप्प आहे. त्याच्या पेशंटना रजेचा अर्ज करावा लागत नसणार.

मला करावा लागला. रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्राचा एक ठरलेला नमुना आहे, डॉक्टरांसाठीच्या २००२ सालच्या नियमावलीला जोडलेला. त्याच नियमावलीत पेशंटचं गुपित फोडू नये असंही डॉक्टरांना बजावलंय. आणि नमुन्यात काय आहे? वर पेशंटच्या ओळखखुणा, खाली ‘अमुक यांना ___ हा आजार आहे’ आणि त्यात ऐसपैस मोकळी जागा. डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरावर माझी भिस्त होती, पण आमच्या सर्जनांचं अक्षर दुर्दैवाने शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहावा असं. मी ‘कंबर’ एवढं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, “खोटं लिहिणार नाही. पण खरं थोडक्यात लिहीन.” आणि त्यांनी लिहिलं, ‘शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती’. या माणसाला मी आयुष्यभर दुवा देईन.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्याविषयी एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्या देवांची नावं घेतली त्यातली काही मला माहीत आहेत हेही मला माहीत नव्हतं.

खरा त्रास चौथ्या का पाचव्या दिवशी झाला. बेल वाजली. दारात अकाउंट्सचे काका, शेजारच्या ताई, शिपाईमामा आणि शहाळी. मी पलंगावर पालथा. काकांनी चपला काढता काढताच पाहिलं.

“अहो, कंबरेवाल्याने पालथं झोपायचं नसतं! उताणे व्हा, उताणे. खाली फळी टाकलीय का?”

“नवीन पद्धत आहे,” मी उशीत म्हणालो.

“एल फोर का एल फाइव्ह?”

मला वाटलं त्यांना चौथा-पाचवा मजला म्हणायचंय. ते कंबरेच्या मणक्यांचे नंबर असतात हे नंतर कळलं. सुदैवाने बायकोने “दोन्ही” असं सांगून टाकलं. ताईंचं लक्ष कोपऱ्यातल्या पसरट टबाकडे गेलं. त्यात कोमट पाणी घालून मला दिवसातून तीनदा बसवण्यात येत होतं. “हा कशाला गं?” बायको म्हणाली, “पाय शेकायला.” ताईंनी टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जे मापायचं ते डोळ्यांनीच मापलं. शिपाईमामा तेवढे काही बोलले नाहीत. त्यांनी शहाळं फोडून हातात दिलं आणि हळूच म्हणाले, “सर, रात्री ताक घेत जा. कंबरेला चांगलं असतं.”

ताक? कंबरेला? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शिपाई म्हणून बत्तीस वर्षं साहेब लोकांचे निरोप पोचवलेला चेहरा होता. त्यावर काहीही दिसलं नाही.

ऑफिसला रुजू झालो तो गादी पिशवीत घालून. लोकलमध्ये ग्रुपने मोठ्या मनाने खिडकीची जागा दिली आणि मी नको म्हणालो. बसायला मिळत असताना उभा राहणारा माणूस डोंबिवलीने आजवर पाहिलेला नाही. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने लटकत तासभर जाणारी माणसं आम्ही. डबा शांत झाला. एकाने माझ्याकडे पाहिलं आणि मग वर पंख्याशेजारच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मी घाईघाईने कंबरेला हात लावला.

एवढ्यावर निभावलं असतं, पण मेडिक्लेम राहिला होता. आमच्या सर्जनांचं नर्सिंग होम कॅशलेसच्या यादीत नव्हतं, म्हणजे पैसे आधी भरायचे आणि मग कंपनीमार्फत मागायचे. मी सगळे कागद पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं, वर सेलोटेप लावली आणि एचआरच्या मुलीकडे दिलं. मुलगी अतिशय गुणी. वरचा फॉर्म तिने मला त्रास नको म्हणून स्वतःच भरला. आजाराच्या रकान्यात तिने जे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं ते लिहिलं, ‘मणक्याची शस्त्रक्रिया’.

काही दिवसांनी विमावाल्यांचं पत्र आलं. कंपनीच्या फॉर्ममधला अवयव आणि डिस्चार्ज कार्डावरचा अवयव यांत तफावत आढळते. खुलासा करावा. आजाराचं नाव स्पष्ट लिहावं. त्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का घ्यावा.

रक्कम सोडून द्यावी असं एक रात्र वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल पुन्हा पाहिलं आणि पत्र टाइप केलं. आजाराचं नाव शक्य तितक्या बारीक टायपात घेतलं आणि दुपारी, सगळे डब्याला गेल्यावर, साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. हेच ते स्टेंटवाले साहेब.

“बसा,” ते म्हणाले.

“नको सर, उभाच बरा आहे.”

त्यांनी चष्मा लावला. पत्र वाचलं. मग जवळ धरून पुन्हा वाचलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो आणि त्यात नेमके तीन, सात आणि अकरा हेच आकडे ठळक दिसत होते. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, शाई सुकेपर्यंत कागदावर फुंकर घातली. मग उठून केबिनचं दार लोटलं.

“तुमची ती गोल गादी आहे ना,” ते म्हणाले, “ऑनलाइन मिळते का?”

“मिळते ना सर.”

“लिंक पाठवा. ग्रुपवर नको, मला वेगळी पाठवा.” आणि खुर्चीत अगदी बेताने, एका बाजूने टेकत म्हणाले, “माझीही कंबर हल्ली फार दुखते हो.”